उरलेली दोन मिनिटं

गेल्या दिवाळीआधी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या घरी माळा रिकामा करायला हातभार लावत होतो. तांब्याची घागर, पोरांच्या जुन्या वह्या, मोडका पंखा आणि बुटांच्या एका खोक्यात तीसेक कॅसेटी निघाल्या. घरातल्या मुलानं एकदोन हातात घेऊन लेबलं वाचली. पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, लेड झेपेलिन, सगळे ब्रिटिश रॉक बँड. "काका, हे सगळं मोबाइलवर मिळतंय की आता," असं म्हणत त्यानं खोकं भंगाराच्या पोत्याकडं सरकवलं. तो बोलला ते खरं होतं, पण त्यानं केलं ते चूक होतं. का चूक, ते तिथं उभ्या उभ्या मला नीट सांगता आलं नाही. खोकं तेवढं मागून घरी आणलं.

१९८६ च्या सुमारास आमच्या शाहूपुरीतल्या घरी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, आला. थोरला चुलतभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्याच्या होस्टेलवर कुणाकडं बाहेरून आलेल्या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, होत्या, कुणाकडं कॅसेट भरायचा चांगला डेक होता. दादा सुट्टीला आला की बॅगेतून दोनचार 'भरलेल्या' कॅसेटी काढायचा. हा आमचाच शब्द. कॅसेट घ्यायची ती कोरी, आणि मग कुणाकडून तरी भरून आणायची, नळावर घागर भरावी तशी. या भरण्याचं गणित सगळ्या पोरांना पाठ होतं. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' त्रेचाळीस मिनिटांच्या आसपासचा. म्हणजे एलपीच्या दोन्ही बाजू कॅसेटच्या एका बाजूवर बसायच्या आणि वर दोन मिनिटं उरायची. डीप पर्पलचा १९७२ चा 'मशीन हेड' जेमतेम अडतीस मिनिटांचा, त्यात सात मिनिटं शिल्लक.

फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. दोन मिनिटं म्हणजे पावणेसहा मीटर, सहावारी साडीपेक्षा जरा जास्तच. एवढी फीत कोरी सोडणं आमच्या घरात ताटात भात टाकून उठण्यासारखं होतं. म्हणून अल्बम संपला की लाल बटण दाबून हाताला येईल ते भरलं जायचं. माजघरात तांदूळ निवडत गुणगुणणारी आजी. शाहू स्टेडियमवरचा पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना बघून आलेल्या चुलत्याचं तावातावानं चाललेलं वर्णन. गल्लीतल्या गणपतीची आरती, तिच्यात मध्येच कुणाच्या तरी लहान पोराचं रडणं. हे आम्ही जपून ठेवायचं म्हणून भरलं नव्हतं. जागा होती म्हणून भरलं.

तो अल्बम आज जगातल्या कुठल्याही फोनवर वाजतो, माझ्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. आजीची दोन मिनिटं जगात एकाच ठिकाणी आहेत, आणि त्या ठिकाणावर बॉलपेननं 'पिंक फ्लॉइड' लिहिलंय. त्या लेबलापायीच ती भंगारात जातात. कोल्हापुरातल्या घराघरांतल्या अशा फिती हा आपला सार्वजनिक ठेवा आहे, त्या एकत्र आणून डिजिटल रूपात उतरवून ठेवण्याचं काम या शहरानं आत्ता हाती घ्यायला हवं, आणि ते खर्चानं, कायद्यानं किंवा यंत्रानं अडावं इतकं अवघड नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या संगीताबद्दल थोडं, कारण घरातले आवाज टिपायची बुद्धी आम्हाला त्यातूनच झाली असं मला वाटतं. पिंक फ्लॉइडच्या १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर' या अल्बमचं शीर्षकगीत सुरू होतं ते रेडिओची सुई फिरवल्यासारखं. खरखर, तुटक बोलणं, मग लांबून, पत्र्याच्या डब्यातून यावी तशी गिटार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दादाच्या भरण्यात कुठलं तरी केंद्र घुसलंय असंच आम्हाला वाटलं. तेवढ्यात दुसरी गिटार येते, अगदी जवळ, कानाशी. कुणीतरी खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतंय असा भास होतो. ती सुरुवात त्यांचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतली होती हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. पण शेजारच्या खोलीतला रेडिओ, खरखर, खोकला हेही ऐकण्याजोगं असतं एवढं त्या वयातही कळलं होतं. स्टुडिओत लाखोंची यंत्रं असलेली माणसं मुद्दाम घरातला आवाज शोधत होती. आमच्याकडं तर घरातला आवाजच होता.

त्याच काळात तिकडं ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं मोहीम काढली होती, घरी टेप केल्यानं संगीत मरतंय अशी. चिन्ह होतं कॅसेट आणि तिच्याखाली चाच्यांच्या झेंड्यावरची दोन हाडं. त्यांच्या बाजारापुरतं त्यात तथ्य असेल. कलावंताला त्याच्या कामाचे पैसे मिळायला हवेत, त्याबद्दल मला शंका नाही, आणि पुढं मिळवता झाल्यावर मी त्यातले बरेच अल्बम विकत घेतले ते त्याच जाणिवेनं. पण आम्हा पोरांना गावात त्या रेकॉर्डी विकत मिळतच नव्हत्या, आणि मिळाल्या असत्या तरी परवडल्या नसत्या. इथं ते संगीत आलं ते कॅसेटवरून कॅसेटवर उतरत. दरवेळी थोडी सळसळ वाढायची, झांजेची धार बोथट व्हायची. भरताना विजेचा दाब उतरला तर आवाज खाली बसायचा आणि ती बसकी जागा त्या प्रतीत कायमची राहायची. तरीही गाणं पोचायचं. इथं घरच्या टेपनं संगीत मारलं नाही, आणलं.

शिवाय त्याच रॉक संगीताचा इतिहास आज उभा आहे तो बराचसा घरगुती फितींवर. ६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलमधल्या वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत पुढं बीटल्स या बँडमध्ये गाजलेले जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले. त्याच संध्याकाळी लेननच्या पोरसवदा बँडचं गाणं तिथल्या एका तरुणानं आपल्या ग्रुंडिग टेपरेकॉर्डरवर घेतलं. ती फीत १९९४ साली लिलावात निघाली, आणि घेतली कुणी तर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं. ४ एप्रिल १९६३ ला बीटल्स स्टो नावाच्या शाळेत वाजवायला गेले, तेव्हा पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं तासाभराचा अख्खा कार्यक्रम टेप केला. ते ध्वनिमुद्रण जगासमोर आलं २०२३ साली, साठ वर्षांनी. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं तर १९८२ च्या जानेवारीत भाड्याच्या घरातल्या झोपायच्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी म्हणून ठेवली. पुढं बँडबरोबर स्टुडिओत तीच पुन्हा करून पाहिली, पण रंग भरेना. शेवटी बरेच दिवस बिनडब्याची खिशात फिरलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' हा अल्बम म्हणून प्रसिद्ध झाली. यातलं पहिलं मुद्रण जत्रेला आलेल्या माणसानं केलं, दुसरं शाळकरी पोरानं, तिसरं गायकानं स्वतः घरात बसून. ही कामं कुठल्याही संस्थेनं सांगून झाली नव्हती. संस्थेचं काम नंतर सुरू होतं, ते म्हणजे सांभाळण्याचं.

आणि कोल्हापूर हे सांभाळणारं गाव नाही असं कोण म्हणेल? करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, गाण्याला वाहिलेला देवल क्लब १८८३ पासून. पण पुस्तक सांभाळण्याची सवय आपल्याला जितकी आहे तितकी आवाज सांभाळण्याची नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी या गावात राहिले, इथं शिकवलं, इथं गायले. त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. ते गेले १९४६ साली, म्हणजे ध्वनिमुद्रणाचं तंत्र हाताशी असताना. त्यांनी गाणं मुद्रित होऊ दिलं नाही हा त्यांचा अधिकार होता, मी त्याला दोष देत नाही. पण त्या आवाजाचं आज आपल्याकडं काय आहे, तर शिष्यांच्या गळ्यातून आलेलं तेवढंच. आपल्या माळ्यावरचे आवाज तर कुणी अडवलेलेही नाहीत. ते केवळ दुर्लक्षानं जाणार आहेत.

आजीच्या गुणगुणण्यात सार्वजनिक काय, असं कुणी विचारेल. माझ्या कॅसेटवर आत्तीचा आवाज आहे. ती म्हणते, "मी म्हणतो, पण तू हसायचं न्हाईस. हसलास तर उठून जातो बघ." कोल्हापूरच्या बाया स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो, मी करतो' असं बोलतात हे महाराष्ट्राला ऐकून माहीत आहे. शाळेत ते चूक ठरवलं गेलं, मग नोकरीच्या मुलाखतीत, मग टीव्हीनं उरलंसुरलं घासून काढलं. माझी भाची आता 'मी आले' म्हणते. पण माणूस कुणी ऐकत नाही असं समजून कसं बोलायचा, 'की' कुठं लावायचा, हेल कुठं काढायचा, हे कागदावर उतरत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रणं घेतली, हे मोलाचं काम आहे. तरी ते आजचं बोलणं आहे. चाळीस वर्षांपूर्वीचं बोलणं टिपायला आता कुणीही तिकडं जाऊ शकत नाही. ते आधीच टिपलेलं आहे, बुटांच्या खोक्यात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. त्या भाषेच्या पुराव्यात ताम्रपट आणि शिलालेख जसे येतात तशी आत्तीही यावी, एवढंच मागणं आहे.

ओव्यांचं उदाहरण तर आपल्यासमोरच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण उभं राहिलं. त्या बायांनाही आपण काही ठेवा सांगतोय असं वाटत नव्हतं.

आता निकड का, ते सांगतो. फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी. चिकटवणारा लेप दमट हवेत मऊ पडतो, त्यावर बुरशी धरते, आणि आपल्या पावसाळ्याबद्दल मी वेगळं काय सांगावं. कॅसेटच्या तोंडाशी फीत यंत्राच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा स्पंजचा बारका तुकडा असतो, तो गळून पडतो. यंत्रातल्या रबरी बेल्टांचा चिखल होतो. २०१९ साली युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मिळून जगाला इशारा दिला होता की चुंबकीय फिती नेहमीच्या पद्धतीनं उतरवून घेण्याची शक्यता २०२५ च्या सुमारास संपत येईल, कारण यंत्रं आणि सुटे भाग दोन्ही नाहीसे होतायत. ते वर्ष आलं आणि गेलं.

आणि कोल्हापूरला आणखी एक घड्याळ लागलेलं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. आत्तीचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात कॅसेटींचा गाळानं भरलेला ढीग होता. कुणीतरी चांगल्या मनानं त्या उन्हात वाळत घातल्या. तेच करायचं नसतं. भिजलेली कॅसेट लगेच वाजवायची नाही, उष्णता द्यायची नाही, गाळ वाळून कडक व्हायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत हळूहळू सुकवायची. फीत पाण्यानं सहसा मरत नाही, गाळानं आणि उन्हानं मरते. त्या दिवशी हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आत्तीच्या लग्नातली सनई त्या ढिगात होती.

पाण्यासारखीच आग. 'मशीन हेड' मधल्या 'स्मोक ऑन द वॉटर' या प्रसिद्ध गाण्याचे शब्द आम्हाला तेव्हा धड कळत नव्हते. दादानं अर्थ सांगितला होता: स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो गावी तळ्याकाठच्या कॅसिनोत हा अल्बम करायला मंडळी गेली. ४ डिसेंबर १९७१ ला दुसऱ्या एका बँडचा कार्यक्रम चालू असताना तिथं आग लागली, अख्खं सभागृह जळालं, धूर तळ्यावर पसरला. मग त्यांनी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या हॉटेलात गाद्या उभ्या करून तिथंच ध्वनिमुद्रण केलं, आणि आगीचंच गाणं केलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, ज्याचं नाव त्याला आहे त्या संगीतसूर्य गायक-नटाच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू. खासबागेच्या बाजूला लोक नुसते उभे होते, कितीतरी जण रडत होते. मीही त्यात होतो. भिंती, छप्पर, खुर्च्या पुन्हा होतील. पण त्या रंगमंचावरचा आवाज, तिथल्या टाळ्या, प्रयोगाआधीची तिसरी घंटा, हे कुणाच्या तरी मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर आलेलं असणार, कारण पहिल्या रांगांत टेप घेऊन बसलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहेत. नाट्यगृहाच्या नव्या इमारतीत त्या फितींसाठी एक खोली असावी, यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

खर्चाचा हिशेब करून बघू. नव्वदच्या हजार कॅसेटी धरल्या तर पंधराशे तास. फीत वाजायला जेवढा वेळ तेवढाच उतरवायला, त्यात पळवाट नाही. चार डेक रोज सहा तास चालले तर दोन महिन्यांत काम उरकतं. संग्रहालयांच्या दर्जानं, काही न दाबता न गाळता साठवलं तरी एका कॅसेटला तीन गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. हजारांना तीन टेराबाइट. हे दोन हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवायचं, त्यातली एक पूररेषेबाहेर, समजा शिवाजी विद्यापीठात. अडचण आहे ती चालू डेकची. पण ज्या गावात उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत आहे तिथं पुली, बुशिंग, रोलर बनवून मिळत नाही असं मला कुणी पटवू नये. हेडचा कोन लावून देणारे, सोल्डर मारणारे जुने टेप दुरुस्तीवाले लक्ष्मीपुरीच्या आसपास अजून आहेत. त्यांच्या हातातली कला त्यांच्याबरोबर जायच्या आत दोन तरुण पोरं त्यांच्या शेजारी बसवायला हवीत.

कायदाही वाटतो तितका आडवा येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्याकडं मूळ प्रत असेल तर, जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवता येते. कलम ३९ खाजगी वापरासाठी किंवा अभ्यासासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला कलावंताच्या हक्काचा भंग मानत नाही. म्हणजे रस्ता असा: कॅसेट ग्रंथालयाला द्यायची, त्यांनी पूर्ण उतरवून ठेवायची, अल्बमचा भाग कपाटात बंद ठेवायचा आणि घरचा भाग घरच्यांच्या परवानगीनं ऐकायला खुला करायचा. अल्बमचा भाग पुसायचा मात्र नाही. १९८६ साली कोल्हापुरातलं एक घर काय ऐकत होतं, कितव्या हातची प्रत ऐकत होतं, हेही त्या फितीवरच लिहिलेलं आहे.

परवानगीचा प्रश्न मला कायद्यापेक्षा मोठा वाटतो, आणि त्यावर मी बराच अडलो. आपला आवाज घेतला जातोय हे आजीला दरवेळी माहीत नव्हतं. माझ्याकडच्या एका फितीवर अल्बमच्या मागं आई आणि चुलतीचं भांडण आहे, शेतीच्या वाटणीवरून, दोघीही आज नाहीत. ते मी कुणाला ऐकवणार नाही. म्हणून सरसकट सगळं इंटरनेटवर टाकण्याच्या मी विरोधात आहे. आधी घरच्यांनी एकटं बसून ऐकावं. जे उघड करायचं नाही त्यावर पंचवीस, पन्नास वर्षांचं कुलूप लावावं. संग्रह करणाऱ्यानं ते पाळावं, लेखी पाळावं. पण कुलूप लावण्यासाठीसुद्धा वस्तू शिल्लक हवी. लाज वाटते म्हणून फेकून देणारी घरं मी पाहिलीत. त्यांना माझं एवढंच सांगणं की फेकू नका, बंद करून द्या.

फोनवर आता रोज हजारो ध्वनिमुद्रणं होतात, मग या जुन्या फितींचं काय एवढं, हा प्रश्नही नेहमी येतो. आजचं उद्याचे लोक बघतील. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत साध्या घरात पहिल्यांदा आवाज साठवायचं यंत्र आलं, आणि त्या आवाजांना दुसरी प्रत नाही.

राजारामपुरीच्या त्या खोक्यातल्या अकरा कॅसेटी आतापर्यंत उतरवून झाल्या. नवव्या कॅसेटवर 'मशीन हेड' आहे. शेवटचं गाणं संपतं, खट् आवाज होतो आणि एक पुरुष बोलायला लागतो. "तात्या, मी बरा हाय. हितं थंडी लई हाय." मग तो विचारतो की म्हस व्याली काय, उसाचं बिल आलं काय, धाकटीचं बघायचं ठरलं काय. पत्राऐवजी भरून पाठवलेली कॅसेट असावी. तो फौजेत असेल, किंवा दूर कुठं कामाला. सहा मिनिटं चाळीस सेकंद बोलतो आणि स्वतःचं नाव एकदाही सांगत नाही, घरच्यांना सांगायची गरजच नव्हती. खोकं ज्यांचं, त्या घरातल्या मुलाला आवाज ओळखता आला नाही. त्याच्या वडिलांनाही नाही. कॅसेटी तेव्हा चार घरं फिरायच्या, ही कुठून आली कुणास ठाऊक. त्यांची आजी आता ८६ वर्षांची आहे, ऐकायला थोडं कमी येतं, सध्या लेकीकडं गडहिंग्लजला असते. शनिवारी चांगला हेडफोन घेऊन तिच्याकडं जातोय.